डावीकडे बघणारे बैल

“साळवे सर, हा बैल उलटा आहे,” निखिल म्हणाला.

“उलटा म्हणजे? पाय वर आहेत का?”

तो हसला नाही. गिऱ्हाईक कंपनीकडून तपासणीला येणाऱ्यांना न हसण्याचंच ट्रेनिंग देत असावेत. त्याने टेबलावर सील सँपल ठेवला आणि त्याच्या शेजारी खोक्यातून काढलेला बैल ठेवला. सील सँपल म्हणजे गिऱ्हाइकाने पसंत करून, गळ्यात चिठ्ठी अडकवून, चिठ्ठीवर सही करून दिलेला नमुना. पुढचा सगळा माल त्याच्याबरहुकूम व्हायला हवा. वाद झाला तर तोंड वाजवायची गरज नाही, सँपल मधे ठेवायचा आणि बघायचं. आम्ही बघितलं. सँपलचा बैल मान उजवीकडे वळवून उभा होता. खोक्यातल्या बैलाची मान डावीकडे होती. टेबलावर दोघं एकमेकांकडे बघत होते आणि खरं सांगायचं तर फार गोड दिसत होते.

निखिलने पुढचा बैल काढला. तो उजवीकडे बघणारा. त्याच्या पुढचा डावीकडे. मग त्याने दुसरं खोकं फोडलं, तिसरं फोडलं. सगळीकडे तेच. एक इकडे, एक तिकडे.

“सर, अर्धा माल मिरर इमेज आहे. मी पास करू शकत नाही.”

“अरे, बैल तोच आहे. कापड तेच, चाकं तीच. मान वळवलीय एवढंच.”

बॅगेतून एक चपटं खोकं काढून त्याने घडी उलगडली. दुकानात बैल ज्या खोक्यात मांडला जाणार होता ते हे खोकं. त्याच्या एका बाजूला प्लास्टिकची खिडकी होती. त्याने डावीकडे बघणारा बैल आत ठेवला. खिडकीतून बैलाचा कान आणि मानेची मागची बाजू दिसत होती, तोंड पुठ्ठ्याकडे. रुसलेलं पोर भिंतीकडे तोंड करून बसतं तसा तो बसला होता. मग त्याने उजवीकडे बघणारा ठेवला. त्याने खिडकीतून आमच्याकडे बघितलं.

मला जे समजायचं ते समजलं.

मी मर्चंडायझर. या शब्दाला मराठीत धड प्रतिशब्द नाही. गिऱ्हाईक आणि कारखाना यांच्या मधे उभं राहून दोन्हीकडची बोलणी खातो तो मर्चंडायझर. पुण्याच्या एका एक्सपोर्ट हाऊसमध्ये मी हेच करत म्हातारा झालो. निवृत्तीनंतर नगरला घर केलं, आणि घरात बसून बायकोच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा जिल्ह्यातल्या लहान कारखान्यांना मदत करायला लागलो. त्यातला एक रूथ मॅडमचा.

रूथ मॅडम शाळेत हस्तकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी कर्जतच्या बाहेर, स्वतःच्या जागेत, पत्र्याची शेड घालून हातमाग बसवले. मागावर जाडसर सुती कापड निघायचं, पट्ट्यापट्ट्यांचं. त्याच्या पिशव्या, आसनं व्हायची. तुकडे उरायचे त्यांची खेळणी. मी गेलो तेव्हा कारखाना तसा बाळसं धरत होता. म्हणजे वर्षभर काम नसायचं, पण काम आलं की सगळ्याजणी यायच्या. या बायका आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या. बहुतेकींची घरं दसरा झाला की ऊसतोडीला जाणारी.

खेळण्यांतला बैल सगळ्यांत देखणा. अंगात कापूस भरलेला, शिंगं लाकडाची, खाली पाट आणि पाटाला चाकं. दोरी धरून ओढला की मान हलवत यायचा. मान हलायची ती कौसाबाईमुळे. धड एकीने शिवायचं, डोकं दुसरीने, पण डोकं धडाला जोडायचं काम कौसाबाईचं आणि फक्त तिचंच. मान एका बाजूला वळवून, टाके थोडे सैल ठेवून ती असं काही जोडायची की बैल जिवंत वाटायचा. नगरच्या प्रदर्शनात पुण्याच्या एका कंपनीच्या बायरने, शाल्मलीने, आमच्या स्टॉलवरून नेमका एक बैल उचलला. बायर म्हणजे कंपनीच्या दुकानांत काय विकायचं ते ठरवणारी. तिने तोच बैल सील केला आणि दिवाळीसाठी ऑर्डर दिली. आमच्या दृष्टीने ती ऑर्डर म्हणजे डोंगर होता. आणि शाल्मली म्हणाली होती, हा माल वेळेत आणि नीट आला तर पुढे थंडीभर दर महिन्याला रिपीट देईन.

ही थंडीभराची गोष्ट महत्त्वाची. मॅडमनी ती शेडमध्ये सांगितली तेव्हा कौसाबाईने हातातली सुई खाली ठेवली होती.

“म्हंजी उसाच्या फडावर जायला नगं?”

“ऑर्डर राहिली तर नको,” मॅडम म्हणाल्या.

तिने घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की औंदा मुकादमाची उचल घ्यायची नाही. उचल म्हणजे ऊसतोडीला येण्याबद्दल जोडप्याला आधी दिलेले पैसे. एकदा घेतली की हंगाम संपेपर्यंत माणूस मुकादमाला बांधला गेला. अंबादास, तिचा नवरा, भला माणूस. कुरकुरला, पण ऐकलं त्याने. लग्न झाल्यापासून तिने स्वतःच्या घरात हिवाळा काढला नव्हता. यंदा ती दारात वाल लावणार होती, कारण शेंगा धरतील तेव्हा तोडायला ती घरी असणार होती. हे सगळं तिनेच मला सांगितलं होतं, मान जोडता जोडता, माझ्याकडे न बघता.

तर निखिल खोकी तपासत होता आणि मी शेडमध्ये गेलो. कौसाबाई मागावर बसली होती. मानांचं काम संपल्यामुळे ती पुन्हा विणायला बसली होती. शेजारी मंदा बॉबिन भरत होती.

“कौसाबाई, बैलाची मान कुठल्या बाजूला करायची सांगितली होती मी?”

“उजवीकडं.”

“मग अर्धे डावीकडे का?”

तिला प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. तिने मंदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “त्ये जोडीचे हायेत की.”

“जोडी कुणी मागितली?”

“आता बैल म्हनल्यावर काय एकच करायचा? तुमी उजवीकडचा सांगितला, त्यो केला. डावीकडचा काय सांगावा लागतो व्हय? त्यो असतोच.”

मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. त्यांचाही चेहरा पडला, कारण त्यांनी माल जाताना बघितला होता आणि त्यांनाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. त्या शेडमध्ये पहिल्यापासून बैल जोडीनेच व्हायचे. एक उजवीकडे बघणारा, एक डावीकडे. शेजारी ठेवले की एकमेकांकडे बघणारे. शाल्मलीने प्रदर्शनात उचलला तो जोडीतला एक होता. उरलेला दुसरा, डावीकडे बघणारा, अजून मॅडमच्या कपाटावर होता.

टेक पॅकमध्ये मानेची दिशा होती. टेक पॅक म्हणजे वस्तूची कुंडली, माप, रंग, शिवण सगळं त्यात. त्यातलं मी मराठी करून वाचून दाखवलं होतं. सगळ्याजणींनी माना डोलावल्या होत्या. मधल्या काळात मी एकदा येऊन तपासून गेलो होतो, तेव्हा टोपलीत धडं वेगळी होती आणि डोकी वेगळी. डोकं नुसतं असतं तेव्हा ते कुठेच बघत नाही. इतकी वर्षं या धंद्यात काढून मला हे माहीत होतं की माल बिघडतो तो आळसाने, घाईने नाहीतर चोरीने. कुणी मनापासून, नेटकं, काळजीपूर्वक काम केल्यामुळे माल बिघडेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मी शाल्मलीला फोन लावला. मुलगी चांगली होती. या गोष्टीत कुणाला वाईट ठरवायचं असेल तर तिला ठरवू नका.

“जोडी करून विका ना,” मी म्हटलं. “दोन बैल, एक खोकं. बघा तर किती छान दिसतात. फोटो पाठवतो.”

फोटो पाठवला. तिने तो उघडून बघितला.

“सर, मला आवडली जोडी. मला म्हणजे मला. पण शेल्फला नाही आवडणार. दोनचा सेट म्हणजे किंमत दुप्पट. आई एका मुलासाठी एक खेळणं उचलते. आणि खोकी छापून झालीत.”

“मग डावीकडच्यांसाठी खिडकी दुसऱ्या बाजूला करा.”

“सर, प्लीज.”

“बरं, अर्धाच माल घ्या.”

“अर्ध्या मालात अर्धी दुकानं रिकामी राहतील. मग मला ते आयटमच काढावं लागेल. रिपीटचा प्रश्नच येणार नाही. मी वरती काय सांगू?” मग जरा मऊ आवाजात म्हणाली, “तुम्ही माना फिरवून देऊ शकता का? शुक्रवारी टेम्पो निघाला तरी चालेल. तेवढं मी सांभाळून घेते.”

मी निखिलला चहा पाजून परत पाठवलं. मग मॅडम आणि मी शेडबाहेर खुर्च्या टाकून बसलो. बोलण्यासारखं फार नव्हतं. माना उसवायच्या, फिरवून पुन्हा जोडायच्या. जमलं तर ऑर्डर राहते, रिपीट येतो, बायकांना थंडीभर काम मिळतं आणि कौसाबाई घरी राहते. नाही जमलं तर काही नाही.

“तिला कोण सांगणार?” मॅडमनी विचारलं.

“मीच सांगतो. पगार त्याचाच घेतो मी.”

कौसाबाईने ऐकून घेतलं. मी खोकं दाखवलं, खिडकी दाखवली, तिला ते पटलंही. “व्हय, त्वांड दिसाया पायजे,” म्हणाली. मला वाटलं, जमलं.

“मग उद्यापासून घेऊ उसवायला?”

“मी न्हाई करायची.”

“का?”

“मान पिरगाळायची व्हय बैलाची?”

“कौसाबाई, कापडाचा आहे तो.”

“मला ठावं हाय. मानंत कापूस मीच भरलाय.”

शेडमधले माग थांबले होते. मंदा हळूच म्हणाली, “आगं कौसामावशी, साहेब म्हनत्यात तर...”

“तू गप.” मग ती माझ्याकडे वळली. ती चिडलेली नव्हती, समजावत होती. “साहेब, आमची जोडी हुती. गाडीला. एका साली फडावर त्यातला एक गेला. दुसरा दावणीला उभा ऱ्हायचा आन् मान तिकडंच. जिकडं त्यो असायचा तिकडं. वैरन खाईना. आमी बाजारात न्हेला तर जो येईल त्यो इचारायचा, ह्याचा जोडीदार कुटं हाय? मला ततं उभं ऱ्हावना. एकटा बैल म्हंजी काय असतं तुमाला न्हाई कळायचं. मी न्हाई करनार एकटा. बाकी काय बी सांगा.”

“ऑर्डर गेली तर तुम्हालाच फडावर जावं लागेल.”

हे मी बोललो. खोटं नव्हतं, धमकीही नव्हती, तो साधा हिशेब होता आणि तिच्या कानावर घालणं माझं काम होतं. तिने पदर सावरला आणि म्हणाली, “मग तुमी फिरवा.”

आम्ही फिरवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सतरंजी टाकून सगळे बसलो. मंदा, बाकीच्या बायका, रूथ मॅडम, मी. मी ब्लेडने टाके उसवत होतो. हाताला सवय नव्हती, चष्मा घसरत होता. उसवलेलं डोकं बाजूला ठेवायचं, मग मंदाने ते फिरवून जोडायचं. हातमागाचं कापड विरळ असतं. एकदा घातलेली सुई काढली की भोक राहतं. दुसऱ्यांदा घातली की भोकाची फट होते. पहिले काही बैल गेलेच. मानेजवळ फाटले, कापूस बाहेर आला. एका बैलाचं डोकं जोडून झाल्यावर जे खाली पडलं ते वर येईचना. मंदाने तो पुन्हा उसवला, पुन्हा जोडला, आणि मग मांडीवर ठेवून रडायला लागली. “माज्यानं न्हाई हुत मॅडम,” म्हणाली.

कौसाबाई तिथेच होती. हे सांगायला हवं. ती घरी बसली नाही की रुसून गेली नाही. रोज वेळेवर यायची, मागावर बसायची आणि विणायची. आमच्याकडे पाठ. धोटा इकडून तिकडे जायचा त्याचा आवाज तेवढा यायचा. मला तिचा राग आला होता. सगळ्यांना थोडाथोडा आला होता. आमच्यासाठी नाही तर स्वतःसाठी तरी ऊठ ना बाई, असं मला ओरडावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी मला असंही वाटत होतं की ही उठली नाही पाहिजे. दोन्ही खरं आहे. मी मर्चंडायझर असल्यामुळे मला दोन्हीकडचं वाटायची सवय आहे.

भोकांवर तोड मॅडमनी काढली. मागावर कापडाची कड विणतात तशी त्यांनी एक अरुंद, लाल-काळी पट्टी विणायला सांगितली. ती बैलाच्या गळ्यात पट्ट्यासारखी बांधली की खालचे फाटके टाके झाकून जायचे, आणि मानेला आधारही मिळायचा. मान आता हलत नव्हती, पण पडतही नव्हती. पट्टी विणली कौसाबाईनेच. तिला सांगितलं होतं पट्टी विण, तिने विणली. कशासाठी ते तिने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. तिला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शुक्रवारी दुपारी टेम्पो भरला. सगळे बैल उजवीकडे बघत होते. सगळ्यांच्या गळ्यात पट्टे. निखिल पुन्हा आला होता. त्याने खोकी फोडली, खिडकीतून तोंडं बघितली, आणि या खेपेला चक्क हसला. “मस्त झालंय सर. पट्ट्यामुळे उठाव आलाय.”

मी शेडमध्ये कौसाबाईला सांगायला गेलो. तिचा माग रिकामा होता. विणून झालेलं कापड घडी करून ठेवलेलं होतं.

“आज आलीच न्हाई,” मंदा म्हणाली. “काल रातच्याला मुकादम आलता त्यांच्या वस्तीवर.”

मॅडमनी लगेच तिच्या वस्तीवर माणूस पाठवला. निरोप असा की मानेचं काम नको करूस, नुसती मागावर बस, काम आहे. उलट निरोप आला. अंबादासने सांगितलं होतं, उचल घेतली. आणि कौसाबाईने सांगितलं होतं, मागावर बसलं तरी कापड त्या एकट्या बैलांचंच विणायचं ना.

रिपीटची मेल दिवाळी झाल्यावर आली. शाल्मलीने लिहिलं होतं की बैल सगळ्यांत आधी संपला. पुढच्या लॉटलाही पट्टा तसाच ठेवा, तो आम्ही टेक पॅकमध्ये घातला आहे. मी मेल दोनदा वाचली. फाटकी मान झाकायला बांधलेलं कापड आता त्या वस्तूच्या कुंडलीत गेलं होतं. मॅडमनी शेडमध्ये पेढे वाटले. त्या थंडीत मंदा आणि बाकीच्या बायका घरी राहिल्या. कारखाना टिकला. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल. तोच प्रसंग पुन्हा आला तर मी पुन्हा ब्लेड घेऊन बसेन. माझ्या वाटचा पेढा मात्र मी मंदाच्या हातावर ठेवला.

नाताळला मी गावी गेलो. आमचं मूळ घर राहात्याजवळ, भाऊ अजून तिथेच शेती करतो. त्या भागात थंडीत रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेले असतात. भावाच्या शेजारच्या शेतात तोड चालू होती. सकाळी चर्चला निघालो होतो, नवा शर्ट, हातात नातवाचा हात. बांधाला ट्रॉली लावलेली होती. फळीवरून बायका डोक्यावर मोळ्या घेऊन वर चढत होत्या. त्यातली एक खाली उतरली आणि तिने मला हाक मारली.

“साळवे साहेब न्हवं?”

मी ओळखलं नाही. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, वरून पुरुषाचा शर्ट, तोंड उसाच्या काजळीने काळं. मग हसली तेव्हा ओळखलं.

“कौसाबाई! इकडे कुठे?”

“मुकादम न्हेईल ततं. नातू का तुमचा? ग्वाड हाय.” तिने नातवाच्या गालाला हात लावायला पुढे केला, मग हात बघून मागे घेतला. “तिकडं काय चाललंय? मंदा कशी हाय?”

“बरी आहे. काम चालू आहे. रिपीट आला.”

“आला व्हय? लई झ्याक झालं.” ती मनापासून म्हणाली. तिच्या बोलण्यात तिरकस काही असतं तर मला बरं वाटलं असतं. “मॅडमची तब्येत?”

मी म्हटलं मॅडम बऱ्या आहेत, आठवण काढतात. म्हटलं, “हंगाम संपला की या. मी जोडीचं काम आणतो. दुसरी कंपनी बघतो. बैलांची जोडीच घेतील असं कुणीतरी.” हे बोलत असताना मला ठाऊक होतं की असं कुणी माझ्या माहितीत नाही.

फळीवरून कुणीतरी तिला हाक मारली. तिने खाली ठेवलेली चुंबळ उचलून डोक्यावर ठेवली.

“आवो साहेब, जोडीचं ऱ्हाऊ द्या. मॅडमला तेवढं सांगा, पुढल्या साली मी एकटा बी करीन. मान म्हनाल तिकडं वळवीन. पर दसऱ्याच्या आत काम सांगा म्हनावं. मंग उचल घ्यायला नगं.”

आणि ती गेली. नातवाने विचारलं, आजोबा ती कोण? मी म्हटलं, आमच्या कारखान्यात बैल करते. तो मागे वळून बराच वेळ बघत राहिला. चर्चमध्ये मी बसलो, उठलो, गाणी म्हटली. काय म्हटलं ते मला आठवत नाही. मनात एकच होतं, त्या सतरंजीवर बसून बैलांच्या माना फिरवल्या तेव्हा मी समजत होतो की एकीची मान तेवढी वाचली.

पुढच्या वर्षी कंपनीने बैल बंद केला. दुकानातल्या वस्तू दर वर्षी बदलतात, त्यात कुणाचा दोष नसतो. शाल्मलीने जिराफ मागितला. लांब मानेचा, सरळ समोर बघणारा. काम दसऱ्याच्या आत आलं. मी मुद्दाम मागे लागून आणवलं होतं. कौसाबाई गुढीपाडव्यानंतर लगेच परत आली होती आणि तेव्हापासून रोज येते. ती आता थंडीत घरी असते. तिच्या दारात वालाचा वेल आहे, शेंगा ती मला पिशवी भरून देते.

या प्रकरणातून मी एक गोष्ट शिकलो. नवीन वस्तूचं टेक पॅक आलं की मी ते वाचून दाखवतो आणि शेवटी विचारतो, यातलं काही करायला नको वाटतंय का? कुणाला पटत नसेल तर आत्ताच सांगा. हा प्रश्न कुठल्याच टेक पॅकमध्ये छापलेला नसतो, पण तो विचारला तर पुढची फेरतपासणी वाचते. बाकीच्या बायका कधी काही सांगतात. मंदा तर हल्ली फार बोलते. एकदा तिने हत्तीचा रंगच बदलायला लावला.

कौसाबाईला मी वेगळं विचारतो. ती सुईत दोरा ओवते, म्हणते, “तुमी सांगाल तसं.” जिराफाची मान तिने पहिल्या झटक्यात सरळ जोडली. ससा सांगितला, ससा केला. एकही नग परत आलेला नाही. मर्चंडायझरला याहून चांगला कारागीर मागता येणार नाही. आणि मी दर वेळी तिच्यासमोर कागद धरून उभा राहतो, तेव्हा माझ्या मनात एवढंच असतं की हिने एकदा, फक्त एकदा, मला नाही म्हणावं.